दुखतं म्हणून हलत नाही, की हलतच नाही?

चिकनगुनियातून उठलेल्या माणसाला भेटायला गेलं की बोलणं ठरलेलं असतं. “आता कसं आहे?” “ताप गेला हो, पण अशक्तपणा फार आलाय.” “येतोच तो. दोन-तीन महिने काही पिच्छा सोडत नाही.” मग कुणाला नारळपाणी आठवतं, कुणाला नाचणीचं सत्त्व, आणि चहा घेऊन पाहुणे उठतात.

बहुतेक घरांत हे बोलणं खरंही ठरतं. पण ‘अशक्तपणा’ या एका शब्दाच्या पोटात आपण तीन वेगळ्या गोष्टी भरून ठेवल्या आहेत. दिवसभर पडून राहावंसं वाटतं, तो अशक्तपणा. गुडघा इतका दुखतो की पाय टाकवत नाही, तोही अशक्तपणाच. आणि जिवाच्या आकांतानं जोर लावला तरी पाय अंथरुणावरून उचललाच जात नाही, त्यालाही आपल्याकडे तोच शब्द. पहिले दोन प्रकार चिकनगुनियात नेहमीचे. तिसरा मात्र सांध्यांचा नाही. तो मेंदूचा, मज्जारज्जूचा (मेंदूपासून पाठीच्या कण्यातून खाली उतरणाऱ्या दोरीचा) किंवा नसांचा आहे, आणि तिथे तासांचा हिशेब असतो. पंचाईत अशी की हे तिन्ही एकाच माणसात एकाच वेळी असू शकतात. दुखण्याच्या आड ताकद गेलेली दिसतच नाही.

डासामार्फत येणारे विषाणू मज्जासंस्थेपर्यंत कसे पोचतात, हे समजून घ्यायला चिकनगुनिया मला सगळ्यात सोयीचा वाटतो. एक तर तो आपल्या ओळखीचा आहे. दुसरं म्हणजे त्याच्याबद्दल ‘हाडं मोडतो, पण जिवाला धोका नाही’ हा समज घट्ट बसलेला आहे.

हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९५२-५३ साली, आजच्या टांझानियाच्या दक्षिणेला माकोंदे पठारावर आलेल्या साथीत. नावही माकोंदे भाषेतलं, अर्थ साधारण ‘वाकवून टाकणारा’. कोंबडीशी त्याचं काही नातं नाही, हे २००६ साली आपल्याकडे किती वेळा समजावून सांगावं लागलं! त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता, कोंबड्या मारून पुरल्या जात होत्या, आणि पाठोपाठ ‘चिकन’नं सुरू होणारा ताप दारात उभा. लोकांनी दोन्हींची सांगड घातली, यात नवल नव्हतं.

तशी महाराष्ट्राची आणि त्याची ओळख त्याहून जुनी. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली होती. त्यानंतर तीन दशकं तो देशात जवळजवळ दिसलाच नाही. २००५च्या अखेरीस परतला आणि २००६मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. तीन दशकांत जन्मलेल्या कुणाच्याच अंगात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला ओळखून चिकटणारी प्रथिनं, नव्हती, आणि त्याला वाहून नेणारा एडिस डास मात्र घरोघरी होता. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, तिथे झाकण नसलेलं प्रत्येक पिंप त्याचं माहेर.

आता मज्जासंस्थेकडे. आधी एका शब्दाचा घोळ सोडवून घेऊ. मराठीत ‘नस’ म्हणजे रक्ताची शीरही असते आणि मेंदूचे निरोप वाहून नेणारा मज्जातंतूही. ‘नस कापली’ म्हटलं की रक्त, ‘नस दबली’ म्हटलं की मज्जातंतू. या लेखात नस म्हणजे दुसरी.

बिघाड तीन ठिकाणी होऊ शकतो, आणि तिन्हींचं रूप निराळं. मेंदूला सूज आली तर माणूस गुंगीत जातो, घरच्यांना ओळखत नाही, भलतंच बोलतो, त्याला आकडी येते. मज्जारज्जूला सूज आली तर त्या पातळीच्या खालचं सगळं बिघडतं. दोन्ही पाय जड होतात, पोटाभोवती किंवा छातीभोवती कुणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं, आणि लघवी तुंबते. शेवटची खूण फार महत्त्वाची. सांधे कितीही दुखले तरी लघवी तुंबत नाही. तिसरं ठिकाण म्हणजे मज्जारज्जूतून निघून हातापायांत पसरलेल्या नसा. त्यांना इजा झाली की मुंग्या, बधिरपणा आणि पायांकडून वर चढत जाणारा लुळेपणा येतो. याच प्रकारातलं एक नाव आता पुणेकरांना तरी समजावून सांगावं लागत नाही: गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदू-नसांचा डॉक्टर, अशा रुग्णाच्या नातेवाइकांना एक प्रश्न हमखास विचारतो: ताप कधी आला होता? नातेवाईक वैतागतात, कारण त्यांच्या दृष्टीनं ताप ही जुनी गोष्ट झालेली असते. पण कारण शोधायचा अर्धा रस्ता त्या तारखेतच असतो.

ताप चढलेला असतानाच किंवा पहिल्या चार-पाच दिवसांत मेंदूची लक्षणं आली, तर संशय थेट विषाणूवर जातो. त्या दिवसांत रक्तात विषाणूंची अक्षरशः जत्रा भरलेली असते. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक कडक पहारा असतो, पण तो अभेद्य नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत चिकनगुनियाचा विषाणू मेंदूच्या आवरणांत आणि मेंदूभोवतीचं पाणी जिथे तयार होतं त्या भागातल्या पेशींत सापडला. इथे तो जपानी मेंदूज्वराच्या विषाणूपेक्षा वेगळा पडतो. तो विषाणू मेंदूच्या मूळ चेतापेशींनाच गाठतो आणि मारतो. चिकनगुनियाला खरी आवड सांध्यांच्या आणि स्नायूंच्या आसपासच्या पेशींची. मेंदूत तो क्वचित शिरतो, पण शिरला तर तिथे होणारी सूज काही कमी प्रतीची नसते.

दुसरी तऱ्हा तापानंतरची. ताप उतरला, भूक लागायला लागली, माणूस अंगणात येऊन बसायला लागला, आणि मग आठवड्या-दोन आठवड्यांनी पाय जड पडू लागले. आता रक्तात शोधलं तर विषाणू बहुधा सापडतही नाही. तो गेलेला असतो. हल्ला करणारी असते आपलीच प्रतिकारशक्ती.

गावात एकाच नावाचे दोन पाटील असले की काय होतं, ते आठवा. कोर्टाचं समन्स एकाचं, पोचतं दुसऱ्याच्या दारात, आणि बेलिफाला पटवता पटवता नाकी नऊ येतात. शरीरात असंच काहीसं घडतं. जंतूच्या अंगावरची एखादी खूण आपल्या नसेच्या आवरणावरच्या खुणेसारखी असली, तर जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं नसेला जाऊन चिकटतात. हे सगळ्यात स्पष्ट सिद्ध झालंय ते एका जिवाणूच्या बाबतीत. कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हे त्याचं नाव, आणि तो दूषित पाण्यातून, कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातो. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे दोनशेहून अधिक संशयित रुग्ण निघाले, तेव्हा रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत हाच सापडला. ती साथ डासांची नव्हती, पाण्याची होती. हे मुद्दाम सांगतो आहे, कारण त्या दिवसांत ‘जीबीएसचा विषाणू’ असं सर्रास लिहिलं-बोललं जात होतं. असा कुठलाही विषाणू नाही. जीबीएस हा संसर्ग नव्हे, संसर्गानंतर उठलेलं वादळ आहे. ते एकाकडून दुसऱ्याला लागत नाही.

डासांमुळे येणाऱ्या विषाणूंनंतर जीबीएस होतो, याचा भक्कम पुरावा मिळाला तो प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियात. ऑक्टोबर २०१३ ते एप्रिल २०१४ या काळात तिथे झिकाची साथ होती. झिकाही त्याच एडिस डासाचा. सगळ्या बेटांवरचे गंभीर रुग्ण ताहितीतल्या एकाच मोठ्या रुग्णालयात येत, त्यामुळे मोजदाद नेटकी झाली. जीबीएसचे ४२ रुग्ण. एरवी तिथे वर्षाला फार तर दहाएक दिसायचे. ४२पैकी ३७ जणांना आधी ताप, पुरळ असं काहीतरी होऊन गेलं होतं, आणि त्यानंतर साधारण सहा दिवसांत पाय गेले होते. १२ जणांना श्वासासाठी यंत्राची मदत लागली. एकही दगावला नाही. हिशेब मांडला तर दर दहा हजार झिका संसर्गांमागे जीबीएसचे अडीचच्या आत रुग्ण. म्हणजे एकट्या माणसासाठी धोका नगण्य, आणि लाखोंना लागण होते तेव्हा रुग्णालयाची व्हेंटिलेटरं कमी पडतील इतका.

या विषयावरच्या आकड्यांशी खेळताना नेमकी इथेच गल्लत होते. २००६च्या साथीनंतर नागपूरच्या डॉक्टरांनी चिकनगुनियाच्या ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतल्या ४९ जणांना, म्हणजे १६ टक्क्यांहून जास्त रुग्णांना, मज्जासंस्थेची गुंतागुंत होती. २७ जणांना मेंदूची सूज, सात जणांचा मज्जारज्जू बाधित, सात जणांच्या नसा, सात जणांचं दोन्ही, आणि एकाचे स्नायू. आता हाच आकडा कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘चिकनगुनिया झालेल्या सहापैकी एकाचा मेंदू जातो’ असा फिरवला तर? ३०० हे मेंदू-मज्जासंस्थेवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचलेले रुग्ण होते. घरी पॅरासिटामॉल घेऊन बरे झालेले हजारो लोक त्या मोजणीत आलेलेच नाहीत.

त्याच्या शेजारी हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाचा आकडा ठेवून बघा. फ्रान्सच्या ताब्यातलं हे बेट, वस्ती पावणेआठ लाखांच्या आसपास. २००५-०६च्या साथीत तिथल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांना चिकनगुनिया झाला. बेटाच्या एका भागात झालेल्या अभ्यासात मेंदूची सूज नक्की ठरली ती २४ जणांत, म्हणजे त्या भागातल्या लोकसंख्येच्या दर लाखामागे आठ-नऊ. नागपूरचा आकडा रुग्णालयाच्या दारातून मोजलेला, रियुनियनचा तिथल्या सगळ्या लोकसंख्येवर मोजलेला. दोन्ही खरे आहेत. फक्त छेदात कोण आहे, ते बघायचं.

पण रियुनियनच्या त्या २४ जणांत सहापैकी एक दगावला, हेही लक्षात ठेवायला हवं. ‘क्वचित’ आणि ‘किरकोळ’ हे वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे २००६मध्ये सरकारी नोंदीत चिकनगुनियाचे मृत्यू शून्य होते. त्याच वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर या साथीच्या महिन्यांत अहमदाबाद शहरात नेहमीच्या सरासरीपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. ते सगळेच चिकनगुनियाचे होते असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण शून्य तरी कसं म्हणायचं?

कुणाला धोका जास्त, याचंही उत्तर रियुनियननं दिलं. वयाची दोन टोकं. एकीकडे पासष्टीच्या पुढचे, दुसरीकडे तान्ही मुलं.

तान्ह्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या बाळंतिणींपर्यंत क्वचितच पोचते. गरोदरपणाच्या मधल्या काळात चिकनगुनिया झाला तर पोटातल्या बाळाला सहसा काही होत नाही. खरी अवघड वेळ प्रसूतीची. आई त्याच दोन-चार दिवसांत तापलेली असेल, तिच्या रक्तात विषाणू असेल, तर रियुनियनमध्ये अशा ३९ मातांपैकी १९ जणींच्या बाळांना लागण झाली. जवळजवळ निम्मी. सिझेरियन केल्यानं ती टळली नाही. आणि फसवणूक अशी की ही सगळी बाळं जन्मली तेव्हा ठणठणीत होती. तीन ते सात दिवसांनी ताप आला, बाळं मलूल झाली, अंगावर पिईनाशी झाली. तोपर्यंत आपल्याकडे बाळ-बाळंतीण घरी आलेले असतात, पाचवीची तयारी चाललेली असते, आणि ‘बाळ आज फार शहाण्यासारखं झोपलंय’ असं कुणीतरी कौतुकानं म्हणत असतं. त्या १९पैकी १० बाळं गंभीर झाली, त्यांतल्या ९ जणांच्या मेंदूवर परिणाम होता. म्हणून प्रसूतीच्या सुमारास आईला ताप आला असेल तर तो बालरोगतज्ज्ञाला आपणहून सांगायचा आणि बाळाला आठवडाभर रुग्णालयाच्या नजरेखाली ठेवायची तयारी करायची.

म्हाताऱ्या माणसांची अडचण वेगळी. सत्तरीतले आजोबा तापात गुंगले, बरळायला लागले, तर दर वेळी मेंदूला सूज आलेली असेलच असं नाही. ताप, न जेवणं, त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू, यामुळे रक्तातलं सोडियम घसरतं आणि माणूस अगदी तसाच वागतो. साखर कमी झाली तरी तसंच. या दोन्ही गोष्टी साध्या रक्ततपासणीत तासाभरात कळतात आणि वेळेत भरून काढता येतात. ‘वय झालंय, तापात होतं असं’ म्हणून रात्र काढणं, एवढं मात्र करू नये.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. दुखतं म्हणून हलत नाही, की हलतच नाही?

डॉक्टर हे कसं ओळखतात, ते बघण्यासारखं असतं. ते रुग्णाला म्हणतात, “फक्त एकदाच, दोन सेकंद, माझ्या हाताला पूर्ण जोरानं ढकला. दुखू दे.” दुखण्यामुळे थांबणारा माणूस क्षणभर चांगला जोर लावतो आणि मग ‘आई गं’ म्हणून सोडून देतो. नस गेलेल्या माणसाचा हात पहिल्या क्षणापासूनच पोकळ लागतो. मग येते छोटी रबरी हातोडी. गुडघ्याखाली ती मारली की पाय झटकन उडतो, ही उडी रुग्णाच्या मर्जीवर नसते, दुखण्यावरही फारशी नसते. जीबीएसमध्ये ती बहुधा हरवते. मज्जारज्जूच्या आजारात पहिले काही दिवस गेले की उलट वाजवीपेक्षा जोरात येते. एमआरआयच्या जमान्यात शे-दोनशे रुपयांची ही हातोडी अजून टिकून आहे, ते उगाच नाही.

घरच्यांना हातोडी चालवता येणार नाही, पण काही गोष्टी त्यांनाच आधी दिसतात. चालताना चप्पल पायातून निसटते का? आपल्याकडच्या डॉक्टरांचा हा आवडता प्रश्न. त्याचा पुढचा भाग अधिक मोलाचा: निसटल्याचं कळतं का? कळतं पण धरून ठेवता येत नाही, तर ताकद कमी झाली आहे. कळतच नाही, मागून कुणीतरी ‘अहो, चप्पल राहिली’ म्हणून सांगावं लागतं, तर संवेदना गेली आहे. सांधेदुखीनं लंगडणाऱ्याची चप्पल अशी हरवत नाही. तोंड धुताना एका डोळ्यात साबण जातो का? म्हणजे तो डोळा पूर्ण मिटत नाही. पाणी पिताना ठसका लागतो किंवा ते नाकातून येतं का? आवाज गेंगाणा झाला आहे का? एकाचे दोन दिसतात का? आणि काल जिना चढलेला माणूस आज खुर्चीतून हातांच्या आधाराशिवाय उठू शकत नाही का? सांधेदुखी सकाळी जास्त, दुपारी कमी अशी खाली-वर होते. नसेचा लुळेपणा कालपेक्षा आज जास्त, आजपेक्षा उद्या जास्त असा एकाच दिशेनं जातो.

श्वासाबद्दल एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहावीशी वाटते. कोविडनं घरोघरी ऑक्सिमीटर आणून ठेवले आणि ‘ऑक्सिजन ९८ आहे, म्हणजे काळजी नाही’ हे वाक्यही. जीबीएसमध्ये ते वाक्य घात करतं. इथे फुप्फुसं निरोगी असतात. दमतात ते श्वासाचे स्नायू. भाता फुटलेला नसतो, भाता ओढणारा हात गळत असतो. तो पार गळेपर्यंत यंत्रावरचा आकडा चांगलाच दिसतो. त्यापेक्षा साधी परीक्षा अशी: खोल श्वास घ्यायला सांगायचं आणि त्या एकाच श्वासात मोठ्यानं एक, दोन, तीन मोजायला लावायचं. धडधाकट माणूस चाळीसच्या आसपास जातो. वीसच्या आधीच दम संपत असेल, किंवा सकाळी तीस आणि संध्याकाळी बावीस होत असेल, तर अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय गाठायचं, आणि ऑक्सिमीटर घरी ठेवला तरी चालेल.

रुग्णालयात गेल्यावर दोन तपासण्यांवरून नातेवाइकांचा गोंधळ उडतो. पहिली, पाठीतलं पाणी काढणं. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस कायमचा अधू होतो’ ही भीती गावात आणि शहरात सारखीच. मज्जारज्जू मोठ्या माणसात कमरेच्या वरच्या मणक्यांपाशीच संपतो. सुई त्याच्या खाली, दोन-तीन मणके सोडून घालतात. तिथे पाण्यात फक्त सुट्या नसांचा झुपका तरंगत असतो, सुई आली की बाजूला सरकणारा. नंतर डोकं दुखू शकतं, पण पाय त्यानं जात नाहीत. पाय आधीच जात होते, म्हणून तर सुई घातली. या पाण्यातून कळतं बरंच. पेशी वाढलेल्या असतील तर मेंदू किंवा आवरणांना सूज. पेशी नेहमीइतक्याच आणि प्रथिनं तेवढी वाढलेली, तर जीबीएस. ही विसंगती १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये टिपली. आजाराच्या नावातून बिचाऱ्या स्ट्रोलचं नाव तेवढं गळालं.

दुसरी, रक्ताची. ताप आल्यापासून पहिल्या आठवड्यात विषाणू थेट सापडतो, आरटी-पीसीआरनं. पुढे आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची तपासणी उपयोगी. पण आयजीएम काही महिने रक्तात टिकतं. म्हणजे साथीच्या मोसमात पाय लुळा पडलेल्या माणसाचं आयजीएम पॉझिटिव्ह आलं, तरी पाय चिकनगुनियामुळेच गेला असं लगेच म्हणता येत नाही. कदाचित चिकनगुनिया जूनमध्येच होऊन गेला असेल आणि आत्ताचं कारण भलतंच असेल. शिवाय एकच डास दोन विषाणू वाहू शकतो. जुलै २०२१मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला महाराष्ट्रातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, त्या रुग्णाला चिकनगुनियाही झालेला होता. २०२४च्या पावसाळ्यात पुण्यात चिकनगुनियाच्या रुग्णांत नाक काळवंडणं, लुळेपणा असं नेहमीपेक्षा वेगळं दिसायला लागलं, तेव्हा डॉक्टर एकाच तपासणीवर थांबत नव्हते, ते याचमुळे.

उपचारांबद्दल थोडक्यात. चिकनगुनियाच्या विषाणूवर औषध नाही. मेंदूला सूज असेल तर आकडी थांबवणं, श्वास आणि रक्तदाब सांभाळणं, सोडियम-साखर ठीक ठेवणं, एवढंच, आणि तेवढ्यावर बरेच जण तरतात. तापानंतरच्या प्रकारात मात्र भरकटलेल्या प्रतिकारशक्तीला आवरता येतं. इथे एक गंमत आहे. मज्जारज्जूच्या सुजेत स्टेरॉइडचा मोठा डोस देतात. जीबीएसमध्ये स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हे अनेक चाचण्यांत दिसलंय. दोन्ही प्रतिकारशक्तीचेच उद्योग, औषध मात्र निराळं. म्हणून ‘ताकदीचं इंजेक्शन’ किंवा सांधेदुखीवर कुणीतरी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या यांनी इथे वेळ तेवढा जातो. जीबीएसवर दोनच उपाय सिद्ध झालेले: रक्तातला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा पातळ भाग) बदलणं, आणि आयव्हीआयजी, म्हणजे हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून काढलेली प्रतिपिंडं सलाइनसारखी शिरेतून देणं. १९९२च्या डच अभ्यासात दुसरा उपाय पहिल्याइतकाच गुणकारी ठरला. दोन्ही एकापाठोपाठ एक दिल्यानं जास्त फायदा होत नाही. आयव्हीआयजी वजनावर मोजून पाच दिवस देतात. साठ किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम लागतं, त्यामुळे खर्च लाखांत जातो. प्लाझ्मा बदलणं जमणारं रुग्णालय जवळ असेल, तर ते दुय्यम नाही, हे नातेवाइकांना माहीत असलेलं बरं.

लशीची गोष्ट अजून पुरती जमलेली नाही. २०२३च्या नोव्हेंबरात अमेरिकेनं चिकनगुनियाच्या पहिल्या लशीला मान्यता दिली. तिच्यात जिवंत पण दुबळा केलेला विषाणू होता. २०२५मध्ये रियुनियनवर पुन्हा मोठी साथ आली, ज्येष्ठांना ती लस टोचायला सुरुवात झाली, आणि एका वृद्धाचा लशीतल्याच विषाणूमुळे मेंदूला सूज येऊन मृत्यू झाला. ज्येष्ठांचं लसीकरण थांबवलं गेलं, आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेनं त्या लशीचा परवानाच स्थगित केला. ज्या वयाला विषाणूपासून धोका जास्त, त्याच वयाला दुबळा केलेला विषाणूही झेपला नाही. विषाणूचं नुसतं कवच वापरणारी दुसरी लस फेब्रुवारी २०२५मध्ये अमेरिकेत मान्य झाली आहे. त्या कवचात विषाणूचा जनुकीय ऐवजच नसल्यानं ते अंगात वाढू शकत नाही.

राहता राहिला बरं होण्याचा काळ. ताहितीतल्या त्या ४२ जणांपैकी निम्म्याहून थोडे जास्त लोक घरी गेल्यानंतर तीन महिन्यांनी आधाराशिवाय चालत होते. बाकीच्यांना वेळ लागला, आणि त्या वेळेलाही एक गणित आहे. नसेचं फक्त वरचं आवरण खरचटलं असेल तर ते आठवड्यांत भरून येतं. आतली तारच तुटली असेल, तर ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीनं वाढते. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत मीटरभर अंतर. तार कमरेपाशी तुटली की टोकाजवळ, यावर कुणी दोन महिन्यांत चालेल आणि कुणाला दोन-तीन वर्षं लागतील, ते ठरतं. त्या काळात पाऊल लोंबकळत राहिलं तर टाचेमागचा स्नायूबंध आखडतो, आणि नस परत आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून पायात हालचालीची खूणही नसते, तेव्हापासूनच फिजिओथेरपिस्ट रोज येऊन ते निर्जीव पाऊल वर दाबून धरतात, रात्री पट्टी बांधून काटकोनात ठेवतात, आणि ते कसं करायचं ते घरातल्या कुणातरी एकाला शिकवून जातात.